पेरूला टांगलेली सीडी

मोठं होण्याच्या पुस्तकात पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं प्रकरण कसं, असं कुणी विचारील. विचारू दे. माझं मोठं होणं चौथीत बंद पडलं. शाळेतून काढलं, शेळ्यांमागं लावलं, मग लग्न, मग तीन पोरी, मग बाग. या सगळ्यात वय वाढत गेलं, दुसरं काही वाढलं नाही. राहिलेलं मोठं होणं एका आठवड्यात उरकावं लागलं, आणि तेही एका काळ्या पत्र्याच्या पेटीपायी. लोक तिला कॉम्प्युटर म्हणत. आमच्या घरात ती पेटीच होती.

आमचं घर वरकुट्याला, रानात. तीन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीच्या कडेला दोन गाई, मागं पेरूची बाग. थोरल्या दोघी सासरी गेलेल्या. घरात मी, मालक आणि धाकटी रूपाली. रूपालीनं इंदापूरला एसटीनं ये-जा करून कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. लग्नाच्या व्हिडिओची कापाकापी करायची, त्याला गाणी लावायची, अल्बमची पानं जुळवायची, असली कामं घरी बसून करता येतात म्हणाली. पण तिला तयार पेटी नको होती. बारामतीला दोन खेपा करून तिनं एकेक भाग आणला, पुढच्या खोलीत गोधडी अंथरली आणि फवारणीच्या पंपाचे स्क्रू ज्यानं पिळतो त्याच पेचकसानं पेटी उभी केली. मालक म्हणाले, लोक तयार घेतात ते काय खुळे म्हणून का. तर म्हणाली, "आबा, तयार घेतली तर आत काय हाय ते कधीच कळत न्हाय." त्या वेळी मी मधे पडले. आणू द्या म्हणाले, एवढंच. पण मी ते चुलत दिरासमोर म्हणाले, त्यामुळं मालक चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पेटी घरात आली ती माझ्या शब्दावर आली, हे इथं लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पेटी महिनाभर छान चालली. तिच्या पंख्याची घरघर मला आवडायला लागली होती. मी चुलीपुढं, ती पेटीपुढं, मधे उघडं दार. दुपारी एखाद्या अनोळखी लग्नातल्या मंगलाष्टका आमच्या घरात दहा-दहा वेळा वाजायच्या, एकाच ओळीवर थांबायच्या, परत मागं जायच्या. गाई कान टवकारायच्या. बावड्याचे दत्तूराव म्हणून फोटोवाले आहेत, त्यांनी तिला पहिलं मोठं काम दिलं. एका फौजी मुलाचं लग्न. मुलगा सुट्टीवर आलेला, लग्न करून रविवारी परत जाणार. बायको इथंच राहणार, म्हणून त्याला लग्नाची फिल्म सोबत न्यायची होती. दत्तूरावांनी कॅमेऱ्याची कार्डं आणून दिली, रूपालीनं सगळं पेटीत उतरवून घेतलं, आणि दत्तूरावांनी पुढच्या लग्नासाठी कार्डं पुसून टाकली. आता ते लग्न या जगात फक्त आमच्या पेटीत होतं.

आणि त्याच वेळी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला. रूपाली घाबरली नाही. लग्न पेटीच्या वेगळ्या कप्प्यात आहे, तिथं धक्का लागत नाही, फक्त विंडोज नवी टाकावी लागेल म्हणाली. टाकली. मग ड्रायव्हर टाकायचे होते. मला तिनं ते असं समजावलं होतं की पेटीतल्या प्रत्येक भागाची बोली वेगळी असते, आवाजाच्या भागाची वेगळी, चित्राच्या भागाची वेगळी, आणि मधे त्यांचं बोलणं करून देणारा एकेक माणूस लागतो. तो माणूस त्या भागाच्या ओळखीचाच पाहिजे. दुसऱ्याच गावचा आणून बसवला तर तो चुकीचं सांगतो आणि सगळं घर कोसळतं. हे मला लगेच पटलं. सोयरीक जुळवणारे मी पुष्कळ बघितलेत.

सोमवारी सकाळी मी भाकरी थापत होते. मालक दारात चहा पीत बसले होते. रूपालीनं माळ्यावरून रिकामी खोकी काढली, झटकली आणि मला विचारलं, "आये, ह्या खोक्यात पांढऱ्या पाकिटात एक सीडी हुती. बगितलीस का?"

मी म्हणाले, "न्हाय बा."

बघितली होती. मी घरातलं काहीही टाकत नाही. पेटीतल्या मोठ्या पाटीचं, मदरबोर्ड म्हणतात तिचं, खोकं चांगलं जाड होतं, म्हणून भेंडीचं बी ठेवायला होईल का बघायला मी ते उघडलं, तेव्हा ते पाकीट हातात आलं. त्या दिवसांत पेरू फुगायला लागले होते आणि राघू पडले होते. राघूंचं कसं असतं, खात एक आणि नासवत दहा. आमच्याकडं सगळेच बागेत जुन्या सीड्या टांगतात. वाऱ्यानं फिरतात, उन्हात चमकतात, पाखरू बिचकतं. मी मालकांच्या भजनांच्या, शेजारणीच्या पोराच्या सिनेमाच्या, अशा तीसेक सीड्या गोळा करून सुतळीनं बांधल्या होत्या. खोक्यातली सगळ्यात नवी, सगळ्यात चकचकीत. खताच्या पोत्याबरोबर कॅलेंडर देतात तशी दुकानदारानं गाण्यांची फुकट दिली असेल असं मला वाटलं. बांधाकडचं पहिलं झाड, जिथं राघू आधी उतरतात, तिथं मी ती टांगली.

मग खोटं का बोलले? मालक चहा पीत होते म्हणून. आदल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं की या कामात नाचक्की झाली तर पेटी विकायची आणि माळशिरसकडच्या स्थळाला होकार कळवायचा. पोरगी दोन वर्षं त्या स्थळाला टाळत होती. मी तिथं खरं बोलले असते तर मालक हसले असते, पेटी घ्या म्हणणाऱ्या बाईनंच पेटीचं औषध राघूंना दाखवायला टांगलं म्हणून, आणि ते हसू चुलत दिराच्या ओट्यापर्यंत गेलं असतं. मला वाटलं, गुपचूप काढून आणू, खाटेखाली सरकवू, आणि सापडली म्हणू. लहान पोरं करतात तसा हिशेब. भाकऱ्या उरकून मी बागेत गेले. बांधाकडच्या झाडाला सुतळीचा तुकडा लोंबत होता. सीडी नव्हती.

त्या दिवशी मी गवत हातानं चाचपून बघितलं. पाटात बघितलं, ठिबकच्या नळ्यांखाली बघितलं. बाकीच्या सीड्या एकेक उलटून बघितल्या. सगळ्यांच्या पाठीवर देव, नट्या, ढोलकी. दुसऱ्या दिवशी परत तेच. मालकांनी विचारलं काय शोधतीस, तर मी म्हणाले खुरपं. खुरपं माझ्या हातात होतं.

घरात पेटी कोसळत होती. रूपालीनं इंदापूरच्या नेट कॅफेतून ड्रायव्हर उतरवून आणले. पाटीवर लिहिलेल्या नावाचेच आणले, पण त्याच नावाच्या पाट्या दोन तऱ्हेच्या निघाल्या होत्या आणि आमची आधीची होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक. पेटी सुरू व्हायची, लग्न दिसायचं, काम चालायचं, आणि अंतरपाट धरला की, नाहीतर सुनमुख बघताना, नाहीतर जेवणाच्या पंगतीत, कुठंही, पडदा एकदम निळा. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. गाणं असेल तर एकाच सुरावर र्र्र्र करून अडकायचं आणि मग टक. त्या टकेनंतर रूपाली नाकानं श्वास सोडायची तो मला चुलीपर्यंत ऐकू यायचा. दर वेळी ती म्हणायची की असं मधेच बंद पडत राहिलं तर ज्या कप्प्यात लग्न आहे तोही खराब होईल. पहिल्या दिवशी हे मोठ्यानं म्हणाली, दुसऱ्या दिवशी हळू, मग म्हणायचीच बंद झाली. तिनं डोक्याला तेल लावलं नाही. हुलग्याचं माडगं तिला फार आवडतं, ते केलं, तर वाटीवर साय धरेपर्यंत तसंच राहिलं.

बुधवारी आम्ही बारामतीला गेलो. मालकांनी आम्हा दोघींना मोटरसायकलवर बसवून इंदापूरच्या स्टँडवर सोडलं, मी मधे, रूपाली मागं. तिथून एसटी. ज्या दुकानातून भाग घेतले त्या दुकानात काचेच्या काउंटरमागं एक माणूस बसला होता. रूपालीनं सगळं नीट सांगितलं, निळ्या पडद्यावरची अक्षरं वहीत उतरवून आणली होती ती दाखवली. तो बोलला माझ्याशी. म्हणाला, मावशी, तयार घ्यायचा होता. मग त्यानं एक सीडी दिली, हिच्यात सगळ्या कंपन्यांचे सगळे ड्रायव्हर आहेत, टाका आणि निवांत झोपा. रूपाली म्हणाली, आणि नाहीच चाललं तर? तो म्हणाला, "तर मग खोक्यातलीच लागंल. ही पाटी आता येत न्हाय. खोक्यातली सीडी कुणी टाकतं का, ताई?"

रूपाली खाली बघून म्हणाली, माझ्याकडूनच कुठंतरी गेली. मी पिशवी हातात धरून शेजारी उभी होते. तिथं मालक नव्हते, चुलत दीर नव्हता, कुणी नव्हतं. तरी मी बोलले नाही. आज त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्या दुकानासमोरून जाताना मी अजून रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाते.

दुकानदाराच्या सीडीनं पेटी आधीपेक्षा लवकर कोसळायला लागली. गुरुवारी सकाळी रूपाली पेटीपुढं नुसती बसली होती, बटण न दाबता. मी जाऊन शेजारी बसले. अपराध्याला दुसरीकडं कुठं बसवत नाही, म्हणून तिथंच बसले. म्हणाले, ह्या ड्रायव्हरांतला नेमका कुठला बाधतोय? ती म्हणाली, कसं कळणार, सगळेच एकदम टाकलेत. मग मी तिला हरणीची आठवण करून दिली. आमच्या हरणी गाईचं पोट फुगायचं तेव्हा मी काय केलं होतं? पेंड बंद, मका बंद, लसूणघास बंद, नुसती वाळकी वैरण आणि पाणी. गाय ठीक झाली की एकेक चालू केलं, मधे दम खाऊन. तिसऱ्या दिवशी ओल्या घासाला चोर धरला होता. "सगळं काढून टाक की," मी म्हणाले. "एकेक दे."

ती उठून तोंड धुऊन आली. तिनं सगळे ड्रायव्हर काढले. पेटी मुकी झाली, अक्षरं भोपळ्याएवढी झाली, पण कोसळली नाही. मग आवाजाचा दिला. दोन तास लग्नातली वाजंत्री वाजवली, काही झालं नाही. मग नेटचा दिला. लाईट गेली, आली. मी तोपर्यंत धारा काढल्या, गाईंना पाणी दाखवलं, परत येऊन बसले. चित्राचा दिला आणि दहा मिनिटांत निळं. काढला, शांत. परत दिला, परत निळं. चोर सापडला होता. रूपाली हसली, आणि मग हसू तोंडावरच राहिलं. कारण चित्राच्या ड्रायव्हरशिवाय व्हिडिओचं काम उघडतच नव्हतं. ज्यानं पेटी पडते तोच पाहिजे होता, पण खरा. आणि खरा खोक्यातल्या सीडीत. तिनं परत माळा उपसला. कणग्यांमागं, ट्रंकेत, देवाच्या फडताळात. मी तिला शिडी धरली. शिडी धरायची लाज वाटते हे मला तेव्हा कळलं.

शुक्रवारी दुपारी दत्तूराव स्वतः आले. माणूस वाईट नाही. चहा घेतला, पेरू घेतला, पेटीकडं बघितलं. फौजीची आई रोज दुकानात येऊन बसते म्हणाले. मग उठताना चप्पल घालत म्हणाले, "रूपाताई, दुसरं काय बी असतं तर मी पुन्यांदा शूट केलं असतं. लगीन काय परत लावता येत न्हाय." ते गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. पिठलं-भाकरी होती. मी चुलीपुढं, ती दोघं ताटावर. मालकांनी दोन घास खाल्ले आणि रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उद्या माळशिरसला फोन लावतो."

रूपाली म्हणाली, "लावा."

दोन वर्षं ज्या पोरीनं त्या स्थळाचं नाव काढू दिलं नाही, तिनं ताटातून मान वर न करता लावा म्हटलं. मी तव्यावर भाकरी टाकली होती ती तशीच राहू दिली.

"सीडी मी पेरूला टांगली हुती," मी म्हणाले.

भाकरी करपायला लागली, तिचा वास आला, तरी मी उलटली नाही.

"कवा?" रूपाली म्हणाली.

"राघू पडले तवा. गाण्याची वाटली."

"आन् मी इचारलं तवा?"

"खोटं बोलले."

"बारामतीत बी?"

"व्हय. बारामतीत बी."

तिनं हातातला घास ताटात ठेवला. मी सांगितलं की सुतळी तुटलीय, पाच दिवस शोधतेय, बागेत नाही. एवढं बोलून मी मालकांकडं बघितलं, आता हसतील म्हणून. ते हसत नव्हते. त्यांचा हात पिठल्यात तसाच होता.

"बांधाकडच्या झाडाची का?" ते म्हणाले. "पांढरी, वर निळं लिवलेली?"

मी मान डोलावली.

"ती मला गेल्या ऐतवारी पाटात घावली." मग म्हणाले, "गाडीच्या मागं बांधलीया. मागचा लाल दिवा फुटलाय, म्हनलं चमकंल जरा."

ती दोघं उष्ट्या हातानं, मी पिठाच्या हातानं, तिघंही पडवीत गेलो. मोटरसायकल दारातच उभी होती. नंबरप्लेटच्या वर, तारेनं बांधलेली, चिखलानं अर्धी माखलेली. पाच दिवस ती आमच्या दारात होती. बुधवारी आम्ही तिघं त्याच गाडीवर बसून इंदापूरला गेलो, रूपाली मागं बसलेली, तिच्या पाठीशी वीतभर अंतरावर ती सीडी, आणि आम्ही निघालो होतो ती सीडी नसल्याचं रडगाणं गायला. मी सोमवारी खरं बोलले असते तर मालकांनी सोमवारीच सांगितलं असतं. यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आणि त्याला दुसरी बाजू मला कधी सापडली नाही.

रूपालीनं ती थंड पाण्यात धरली, अंगाचा साबण लावला, आणि माझ्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं पुसायला लागली. मी हात पुढं केला तर माझ्याकडं न बघता म्हणाली की गोल पुसायचं नसतं, मधून कडेला सरळ पुसायचं. पुसू दिलं नाही. चरे पुष्कळ होते. चार वाजता लाईट जाणार होती. पेटीच्या सीडी ठेवायच्या कप्प्यात घातली, कप्पा खरखरला, घरघरला, आणि सीडी बाहेर आली. परत पुसली, परत घातली, परत बाहेर. मालक दारात पाठीवर हात बांधून उभे होते, बारामतीला दवाखान्यात थोरलीच्या बाळंतपणाला उभे होते तसे. तिसऱ्या वेळी खरखर बराच वेळ चालली आणि मग पडद्यावर काहीतरी उघडलं. रूपालीनं फक्त चित्राचा ड्रायव्हर घेतला. हिरवी पट्टी निम्म्यावर येऊन थांबली. मी पट्टीकडं बघायचं सोडून तिच्या हाताकडं बघत होते. अंगठा तर्जनीवर घासत होती, लहानपणी पाढे म्हणताना घासायची तसा. पट्टी सरकली. साडेतीनला ड्रायव्हर बसला, आणि चारला लाईट गेली तोपर्यंत पेटी आपली आपण कोसळली नव्हती.

शनिवारी लाईट आल्यापासून पेटी चालली. अंतरपाट गेला, सुनमुख गेलं, पंगती गेल्या. निळं झालं नाही. संध्याकाळी दत्तूराव येऊन फिल्म घेऊन गेले, वरातीला गाणं चुकीचं लावलंय म्हणून कुरकुर करत. फौजी रविवारी गेला. मालकांनी माळशिरसला फोन लावला नाही. का लावला नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चुलत दिराच्या ओट्यावरही काही गेलं नाही, कारण सांगायचं तर गाडीच्या लाल दिव्यापासून सांगावं लागलं असतं.

रूपाली माझ्याशी बोलली नाही. मीठ दे, दार लाव, एवढंच. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला दे म्हणून सांगितल्यासारखं झालं असतं. पेटीचा पंखा घरघरत होता, मंगलाष्टका वाजत होत्या, मी चुलीपुढं होते, मधलं दार उघडंच होतं. मी तिच्या खोलीत झाडायला गेले तर कागदाचा कपटाही उचलायची नाही. कपट्याच्या भोवतीनं झाडायची.

नऊ-दहा दिवसांनी सकाळी ती बागेत आली. मी पेरू उतरवत होते. बांधाकडच्या झाडावर राघूंनी फोडलेले पाच-सहा पेरू लोंबत होते. तिच्या हातात ती सीडी होती, धुतलेली.

"हिच्या तीन कॉप्या केल्यात," ती म्हणाली. "आता टांग."

मी नको म्हणाले. माझा हात पुढं होईना.

"टांग म्हणते ना. राघू खात्यात."

मी कमरेची सुतळी काढली. तिनं फांदी खाली ओढून धरली आणि माझ्या हातातली सुतळी बघितली.

"सुतळी नको, आये," ती म्हणाली. "तारंनं बांध."